बरोबरीच्या मुलांसाठी सोडत काढा

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरचा खटला २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात उभा राहिला आणि एरवी बंद दाराआड राहणारी माहिती लोकांसमोर आली. एका वर्षी तिथे दोन हजारांहूनही कमी जागा होत्या. एकट्या अमेरिकेतल्या अर्जदारांपैकी सुमारे ३,४०० जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, सुमारे २,७०० जणांना इंग्रजीत, आणि शाळेच्या जीपीएत कुठेही उणं नसलेली मुलं आठ हजारांवर होती.

मग निवड होते कशी? अर्ज वाचणारे अधिकारी अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ ते ६ असे आकडे देतात. १ सर्वांत वरचा. प्रदेशवार उपसमित्या चर्चा करतात, मग सुमारे चाळीस जणांची समिती मत देते. एवढ्यावरही मुलं जागांपेक्षा जास्त झाली की काटछाटीची यादी निघे, तिला म्हणत 'लॉप लिस्ट'. हा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच्या निकालपत्रात तिचं वर्णन आहे. त्या यादीत मुलाविषयी चारच गोष्टी असत: पालक हार्वर्डचे आहेत का, संघासाठी निवडलेला खेळाडू आहे का, आर्थिक मदतीला पात्र आहे का, आणि वंश कोणता. ऑलिम्पियाड, अरंगेत्रम, फूड बँकेत घालवलेले शनिवार यांतलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

२९ जून २०२३ च्या त्या निकालाने वंशाचा निकष गेला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, म्हणजे लेगसी, त्याला मात्र निकालाने हात लावला नाही.

त्याच वर्षी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी आयव्ही लीग, स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशा बारा संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचतात. याचं मोठं कारण प्रवेश देतानाच होणारा फरक, आणि त्याच्या मुळाशी तीन गोष्टी: लेगसी, खेळाडूंची भरती आणि उपक्रम-व्यक्तिमत्त्वाचे चढे आकडे. नामवंत सरकारी विद्यापीठांत हा फरक दिसला नाही. ज्या आकड्यांवर श्रीमंत मुलं पुढे सरकतात, त्यांचा पुढच्या आयुष्यातल्या यशाशी संबंधही आढळला नाही. बरोबरीच्या दोघांत गुणवत्ता शोधतो असं म्हणत या संस्था बहुतेक वेळा घरची ऐपत मोजतात, हे यावरून स्पष्ट आहे.

यावर उपाय आहे. किमान पात्रता जाहीर करा, ती ओलांडणाऱ्यांची सोडत काढा. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागा सोडतीनेच भरतात, आणि म्हाडाच्या घराचा नंबर लागला नाही म्हणून कुणी स्वतःला नालायक समजत नाही. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेश १९७० च्या दशकापासून बरीच वर्षं सोडतीने होत. ज्याचे शालेय गुण जास्त, त्याची संधी जास्त, असा तिथला हिशेब होता. मध्यंतरी पद्धत बंद झाली, पण २०२३ पासून विद्यापीठांना ती पुन्हा वापरायची मुभा आहे.

मराठी पालक विचारतील, बारा वर्षांची मेहनत नशिबावर सोडायची? पण नशीब आजही आहेच. अर्ज कुणी वाचला, त्याच गावातून आणखी कितीजण आले, त्या साली संघाला कोणता खेळाडू हवा होता, यांतलं काय मुलाच्या हाती असतं? फरक एवढाच की आज नकार आला की सतरा वर्षांची मुलगी स्वतःचा निबंध पुन्हा पुन्हा वाचत आपलं काय चुकलं ते शोधत बसते, आणि पुढच्या खेपेला धाकट्या भावासाठी काही हजार डॉलर घेणारा काउन्सेलर शोधला जातो.

जॉन्स हॉपकिन्सने लेगसी स्वतःहून सोडली. एमआयटी ती पाहत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांतली लेगसी आणि देणगीदारांची सवलत बंद करणारा कायदा केला. तिथे मतदार असलेल्या मराठी कुटुंबांनी आता आपल्या आमदारांना पुढचा प्रश्न विचारावा: पात्रतेची रेषा नेमकी कुठे आहे, ती ही विद्यापीठं जाहीर का करत नाहीत?