‘पाहणी करण्यात आली’ – कोणी केली?

गेल्या वर्षी प्रकल्पाचे हस्तलिखित माझ्या हाती परत आले, तेव्हा त्यातील सतरा ठिकाणचा ‘मी’ तांबड्या शाईने खोडलेला होता. पहिल्याच पानावर मी लिहिले होते, ‘मी चौदा कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या.’ त्यावर आडवी रेघ, आणि समासात सरांचे सुंदर वळणदार अक्षर : ‘संशोधनात मी नको. कर्मणी प्रयोग वापरा.’ खाली नमुन्यादाखल वाक्यही दिले होते, ‘चौदा कुटुंबांची पाहणी करण्यात आली.’

सरांविषयी मला आदर आहे, आणि तो हा लेख लिहून झाल्यावरही राहील. परंतु मराठी हा माझा मुख्य विषय. त्यामुळे तो शेरा वाचून पहिल्यांदा वाईट वाटण्याऐवजी मला हसूच आले. कारण खोडलेले वाक्य कर्मणीच होते! ‘मुलाखती घेतल्या’ यातील क्रियापद मुलाखतींच्या मागे चालले आहे, माझ्या नव्हे. मी एक मुलाखत घेतली असती तर ‘घेतली’ आले असते आणि अनुभव घेतला असता तर ‘घेतला’. कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद बदलते तो कर्मणी प्रयोग, हे आपण सर्वांनी आठवी-नववीत घोकलेले आहे. ‘त्याने मुलाखत घेतली’ यात ‘ने’ दिसतो म्हणून प्रयोग चटकन ओळखता येतो. ‘मी’ आणि ‘तू’ यांना हा ‘ने’ लागत नाही. ते तृतीयेतही साध्या वेषातच वावरतात, आणि त्यामुळे भलेभले फसतात.

हा केवळ व्याकरणातला विनोद असता तर वार्षिकाची पाने मी अडविली नसती. मला वाटते, येथे एक मोठा घोटाळा आहे. इंग्रजीच्या तासाला आपल्याला ‘व्हॉइस बदला’ असा प्रश्न असतो आणि मराठीच्या तासाला ‘प्रयोग ओळखा’. दोन्ही एकच, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक दोन्ही निराळे आहेत. इंग्रजी वाक्य पॅसिव्ह केले की कर्ता मागे सरतो आणि वाटल्यास अजिबात नाहीसा होतो. मराठी कर्मणीत कर्ता जागच्या जागी, ताठ बसलेला असतो. फक्त क्रियापदाची निष्ठा बदलते. भूतकाळातील सकर्मक क्रिया सांगायची तर ‘शिकलो’, ‘विसरलो’, ‘प्यालो’ अशी काही मोजकी क्रियापदे सोडता मराठी माणूस कर्मणी नाही तर भावे बोलतो. त्याला दुसरा मार्गच नाही. माझी आजी ‘मी भाकरी केली’ म्हणते तेव्हा तीही कर्मणीच बोलते आणि भाकरी कोणी केली याविषयी ती कोणाच्याही मनात शंका ठेवत नाही.

कर्त्याला मागे ढकलणारी रचना मराठीत निराळी आहे : ‘रामाकडून रावण मारला गेला’. व्याकरणाच्या पुस्तकांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे नावच दिले आहे. ‘करण्यात आली’ ही तिचीच कचेरीत नोकरीला लागलेली बहीण. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभार मराठीत आणला ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्याबरोबर ‘कळविण्यात येते की’, ‘मान्यता देण्यात येत आहे’ ही भाषाही घरोघर आली. कचेरीत तिला काही अर्थ असेल; निर्णय खुर्चीचा असतो, खुर्चीवरच्या माणसाचा नसतो, असे म्हणता येईल. पण माझ्या प्रकल्पामागे कोणती खुर्ची होती? मी होते, माझी वही होती आणि एस.टी.चा पास होता.

आता त्या ‘पाहणी करण्यात आली’त काय काय बुडाले ते सांगते. प्रकल्प होता धरणामुळे उठलेल्या एका गावाविषयी. ते गाव माझ्या आजोळचे. नव्या वसाहतीत मी सोळा घरांत गेले. चौदांनी बोलून दाखविले, दोघांनी दार लावून घेतले. चौदांपैकी तीन घरे माझ्या नात्यातली. पुरुष मंडळी ओट्यावर बसून नुकसानभरपाईचे आकडे सांगत. बायका मला आत चुलीपाशी नेत आणि जुन्या घरच्या विहिरीविषयी, नव्या जागेतल्या पाण्याच्या हालांविषयी बोलत. माझ्या जागी एखादा विद्यार्थी असता तर त्याला चुलीपाशी कोणी नेले नसते. म्हणजे माझ्या प्रकल्पातले तिसरे प्रकरण जे आहे, ते ‘मी गेले’ यातील ‘गेले’मुळे आहे. कर्तरी प्रयोगाने तेवढे एका अक्षरात सांगितले असते.

आणि दार लावणाऱ्या दोघांपैकी एका म्हाताऱ्याने दार लावण्यापूर्वी एक वाक्य ऐकविले होते : ‘तुझ्या आज्यानं पहिली सही केली, त्यालाच जाऊन इचार.’ आजोबा आता नाहीत. मी आजीला विचारले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, ‘सह्या झाल्या तेव्हा.’

‘सह्या झाल्या’ हा चोख कर्तरी प्रयोग आहे. सह्या हा कर्ता आणि झाल्या हे क्रियापद. ‘धरण झालं, गाव उठलं’ हेही कर्तरीच. गावातली सगळी माणसे असेच बोलतात, जणू गाव आपणहून सकाळी उठले आणि चालू लागले. उलट कोणी चिडून ‘आम्हाला उठवलं’ म्हणतो तेव्हा तो भावे प्रयोग असतो, त्यात करणारा उच्चारलेला नसतो, तरी तो कोण हे बोलणाऱ्याच्या डोळ्यांत दिसते. तेव्हा कर्तरी म्हणजे प्रामाणिक आणि कर्मणी म्हणजे लपवाछपवी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. इंग्रजीत विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आणि जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली पॅसिव्ह टाळण्याचा जो उपदेश केला, तो जसाच्या तसा मराठीवर लादणे हे सरांच्या शेऱ्याइतकेच चुकीचे ठरेल.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत एक ओळ कोरलेली आहे, तिचा उल्लेख आमच्या भाषेच्या इतिहासाच्या तासाला दरवर्षी होतो. चावुंडरायाने ही मूर्ती करविली, एवढाच तिचा आशय. पुढे भोवतालचे आवार गंगराजाने करविले असेही आहे. कर्ता तृतीयेत, क्रियापद ‘करविले’. करविणाऱ्याचे नाव दगडात राहिले. ज्यांनी ती प्रचंड शिळा प्रत्यक्ष तासली ते सारे एका ‘वि’मध्ये गडप झाले. प्रयोजक क्रियापदाची ही किमया पॅसिव्हच्याही पुढची आहे!

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आपण लिहितो, ‘मुळशी येथे धरण बांधण्यात आले व त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या.’ परीक्षक गुण देतात. पण १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभ्या राहिलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांना या वाक्यातला गाळलेला कर्ता पक्का ठाऊक होता. धरण टाटा कंपनीचे होते आणि १८९४ च्या कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीला मिळवून देणारे सरकार मुंबईचे होते. कर्ता ठाऊक नसता तर सत्याग्रह कोणाविरुद्ध करायचा?

सरांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, ‘मी, मी’ करणारा विद्यार्थी पुराव्याऐवजी स्वतःच्या मतांचा बाजार मांडतो. हे खरे आहे. ‘मला असे मनापासून वाटते की’ अशी सुरुवात झालेले निबंध आपणही वाचले आहेत (आणि लिहिलेही आहेत). जिथे करणारा कोण याला महत्त्वच नाही तिथे त्याला वाक्यात ओढून आणणे हा आगाऊपणा. नाणे खोदकामात सापडले, एवढे पुरे. कुदळ कोणाची हे कशाला? पण ‘प्रस्तुत लेखिकेस असे आढळून आले’ यात नम्रता ती कोणती? तिथे ‘मी’ आहेच, फक्त शालू नेसून आला आहे.

आणि शास्त्राला ‘मी’ चालत नाही हेही तितकेसे खरे नाही. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरील आपला लेख ‘नेचर’मध्ये छापला, त्याचा पहिलाच शब्द ‘आम्ही’ या अर्थाचा आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची २०१९ ची नियमपुस्तिका तर स्वतःच्या कामाविषयी सरळ प्रथमपुरुषी लिहा असे सांगते. पण इतक्या दूर कशाला? इरावती कर्वे आळंदीहून पंढरपूरला वारीबरोबर चालल्या. त्यावरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’त आहे. दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका वेगळ्या जेवतात याचा त्रास त्यांना स्वतःला झाला आणि तो त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिला. त्याच लेखाचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’सारख्या संशोधनपत्रिकेने छापले. ‘वारीचे निरीक्षण करण्यात आले’ असे लिहून ते निरीक्षण अधिक शास्त्रीय झाले असते काय? उलट पाहणारी कोण, कुठे उभी होती आणि तिला काय टोचले हे कळल्यामुळेच तिने पाहिलेल्यावर किती विसंबायचे ते वाचकाला ठरविता येते.

मी दुसरी प्रत लिहिली तेव्हा सतरांपैकी अकरा ‘मी’ स्वतःच काढून टाकले. ते खरोखरीच फुकटचे होते. सहा ठेवले. पहिल्या पानावर लिहिले, ‘मी सोळा घरांत गेले. चौदा घरांतील माणसे बोलली, त्यांपैकी तीन घरे माझ्या नात्यातील आहेत. एका घराने बोलण्यास नकार दिला त्याचे कारण माझे आजोबा होत.’ शेवटचे वाक्य लिहावे की नाही यावर दोन दिवस गेले. आईला वाचून दाखविले, ती काही बोलली नाही.

सरांनी प्रत वाचली. या वेळी तांबडी रेघ नव्हती. समासात, त्याच वळणदार अक्षरात एवढेच होते : ‘त्या घरी पुन्हा जाऊन आलात काय?’

अजून गेले नाही. मे महिन्यात जाणार आहे.