जुळलं तर जुळलं!

आमच्या वऱ्हाडात सोयरीक जुळवणं हा घरोघरचा उद्योग आहे. मुलगी अमरावतीची, स्थळ अकोल्याचं, आणि पत्रिका नाही जुळली, तर काय होतं? काही नाही. मुलगी घरातच असते, जेवते-खाते, आणि तिच्यासाठी दुसरं स्थळ बघायचं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. संगणकाच्या राज्यात मात्र पत्रिका जुळली नाही, की मुलगीच घरातून नाहीशी होते!

माझा भाचा पुण्यात प्रोग्राम लिहितो. सी-शार्प नावाच्या भाषेत २००७ सालापासून 'लिंक' म्हणून एक सोय आहे. दोन याद्या जोडायच्या तर 'जॉइन' लिहायचं, 'ऑन' लिहायचं आणि मधे 'इक्वल्स'. बरोबरीची चिन्हं तिथे चालत नाहीत, शब्दच हवा. पहिल्या यादीने त्याच्या डावीकडे बसायचं, दुसरीने उजवीकडे. जागा बदलल्या की यंत्र रुसलंच. वरपक्ष-वधूपक्षाचा एवढा मानपान आमच्याकडेही नाही! इथवर माझी तक्रार नाही. पण निकालात येतात ते फक्त जुळलेले. उरलेल्यांचं नाव नाही, गाव नाही, 'सदर इसम आढळला नाही' एवढी ओळसुद्धा नाही.

"मामा, याला इनर जॉइन म्हणतात," भाचा म्हणाला.

मी याला माणूस बेपत्ता करणं म्हणतो.

२०१७ साली राज्य सरकारने दीड लाखापर्यंतच्या थकीत कर्जाची माफी जाहीर केली. शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज एकीकडे, बँकांच्या याद्या दुसरीकडे, आणि दोहोंचा मेळ बसेना. दिवाळी आली नि गेली. बसणार कसा? इकडे 'वानखडे', तिकडे 'वानखेडे'. सातबाऱ्यावर 'रामराव', पासबुकात 'रामा'. तिवशाच्या चहाच्या टपरीवर हा फरक कोणी मोजत नाही, पण 'इक्वल्स'ला एक मात्रा पुरते. नावाऐवजी आधार क्रमांकावर जोडा, असं शहाणे म्हणतात. २०१९ च्या कर्जमाफीत आधारचाच आधार घेतला. घ्या की! पण बारा आकड्यांतला एक आकडा टंकणाऱ्याच्या बोटाखाली फिरला, की तोही शेतकरी गेलाच.

आणि राग येतो तो याचा, की उपाय त्याच भाषेत पहिल्यापासून आहे. 'जॉइन'नंतर 'इनटू' लिहायचं, एक ओळ वाढवायची, तीत 'डिफॉल्ट-इफ-एम्प्टी' म्हणायचं; मग पहिल्या यादीतला प्रत्येक माणूस निकालात राहतो. जोडीदार नसेल त्याच्यापुढे रिकामी जागा दिसते. २०२५ साली तर 'लेफ्ट-जॉइन' असं आयतं फर्मानच आलं. यावर भाच्याचं म्हणणं, "त्या रिकाम्या जागेला चुकून हात लागला, की प्रोग्राम कोसळतो मामा." अरे, मग कोसळू दे ना बाप्पा! निदान कोणी धावत येऊन बघेल तरी. जितागता शेतकरी यादीतून गळतो तेव्हा तुझा प्रोग्राम हूं की चूं करत नाही, त्याचं काय?

माझी मागणी साधी आहे. चावडीवर जुळलेल्यांची यादी लावाल, तिथेच शेजारी न जुळलेल्यांची लावा. तलाठ्याला ती घेऊन गावात फिरता येईल: कोणाची मात्रा चुकली, कोणाचा आकडा हुकला, कोणाचं खातं दुसऱ्याच बँकेत आहे.

"यादी फार लांब होईल," भाचा म्हणाला.

होऊ दे. लग्नाच्या आमंत्रणांची यादी लांब झाली म्हणून निम्मे सोयरे कापून बघ म्हणावं एकदा!