ऐंशी टक्के कशाचे?

माणसाची बुद्धी ऐंशी टक्के जनुकांतून येते, वीस टक्के परिस्थितीतून. तेव्हा गरीब वस्त्यांतल्या शाळांवर पैसा ओतण्यात अर्थ नाही, खाण तशी माती! एका विद्वान वक्त्यांनी भर सभेत हे सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. या विधानात ज्ञान थोडं आणि उद्दामपणा फार आहे.

टक्के कशाचे, एवढं त्यांनी स्वतःला विचारायला हवं होतं. रत्नागिरीकडे कोय कलम बांधताना पाहा. रुजलेल्या कोयीचा तांबूस, कोवळा दांडा वरून छाटतात, मधोमध चीर देतात, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तीत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. खुंट रायवळाचा, पण वर वाढणाऱ्या फांदीत मूळ झाडाचीच जनुकं. एकाच झाडाच्या अशा कलमांची बाग घ्या. कातळावरच्या आणि सखल मातीतल्या झाडांच्या फळांत फरक पडतोच. त्यातला हापूसच्या जनुकांमुळे किती? शून्य. म्हणून हापूसची चव जनुकांतून येत नाही म्हणायचं? आता हापूसच्याच कोयी एकसारख्या मातीत, सारखं खतपाणी घालून वाढवा. एका झाडाचं फळ गोड, दुसऱ्याचं आंबट, तिसऱ्याचं रेषाळ. इथे जवळपास सगळा फरक बीजाचा. ऐंशी टक्क्यांसारखा आकडा एका समूहातल्या फरकाची वाटणी सांगतो, तीही त्या परिस्थितीपुरती. एका फळाबद्दल, एका मुलाबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. सगळ्या मुलांना सारखं अन्न आणि सारखी शाळा मिळाली, तर आनुवंशिकतेचा आकडा उलट वाढेल. मग त्याच आकड्याच्या जोरावर शाळा बंद करायला कसं सांगता?

पूर्वी याच्या उलट टोकाची मंडळी भेटत. मूल म्हणजे कोरी पाटी, सगळं संस्कारांवर. त्यांच्याशीही मी तितकाच भांडलो आहे. एका ताटात जेवलेली भावंडं वेगळी का निघतात, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यातून नर निघेल की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. त्या उबेला प्रतिसाद देणारी यंत्रणा जनुकांनी घडवलेली असते. इथे टक्के पाडून दाखवा.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हे तर साफ खोटं. फिनाइलकीटोनयुरिया हा आनुवंशिक विकार १९३४ साली नॉर्वेत ओळखला गेला. त्यात अन्नातल्या फिनाइलॲलॅनिनचं रूपांतर करणारं विकर नीट काम करत नाही. मग फिनाइलॲलॅनिन रक्तात साठतं आणि मेंदूची वाढ खुंटते. जन्मल्याबरोबर निदान करून तो घटक अगदी मोजका ठेवणारा आहार दिला, तर मूल इतरांसारखं शिकतं. जनुक तेच राहतं, आयुष्य बदलतं.

जनुकं शक्यता देतात, परिस्थिती त्यांतली एक प्रत्यक्षात आणते. जनुकांचा अभ्यास करायचा तो कोणाला काय द्यायला हवं हे कळावं म्हणून. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन अशा विकारांची तपासणी करता येते. ती प्रत्येक प्रसूतिगृहात झाली पाहिजे, आणि त्या वक्त्यांनी आपलं वजन तिथे खर्च करावं.