कृपेचा हिशेब

नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पोटासाठीं, असें म्हणणारे पुष्कळ होते. आम्ही त्यांस पुसतों : जातीनें वाळींत टाकलें, पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दुरावल्या, हा कसला नफा? आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें दिलेला नवा करार त्यांनीं वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पापाचें देणें ऋणकोच्या पुण्यानें फिटत नाहीं, धनकोनेंच तें सोडावें लागतें, हा कृपेचा अर्थ. शिक्षेचा हिशेब करणाऱ्या आम्हां वकिलांस तो पचणें कठीण. तुकोबांच्या वाचकास मात्र तो अगदींच परका नाहीं. टिळकांनीं अभंग सोडला नाहीं, देशाभिमानही सोडला नाहीं. सोडली ती मिशनची नोकरी, १९१७ सालीं.