गुवाहाटीत हरवलेले तीन गुण

दोस्तांनो, परवा मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा फुटबॉल बगलेत दाबून माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, आपला भारत फुटबॉलच्या वर्ल्ड कपात काहून नसते?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या मुलीनं उत्तर देऊनही टाकलं, "अबे, त्यायले कोणी बलावतच नाही!"

वर्गात हशा पिकला. पण खरं सांगू का, पुष्कळ मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. विश्वचषकाला कुणी कुणाला बोलावत नाही, बरं का! ते काही लग्नाचं आवतण नव्हे. जो देश स्पर्धा भरवतो त्याला जागा आपसूक मिळते, बाकी साऱ्यांना ती खेळून मिळवावी लागते. ती मिळवण्याची धडपड विश्वचषकाच्या दोन-तीन वर्षं आधीपासून सुरू असते. तिला म्हणतात पात्रता फेरी. आणि खरी गंमत, खरं रडूसुद्धा, तिथंच असतं.

तुमच्यापैकी कुणी सुब्रतो मुखर्जी करंडकासाठी खेळलं असेल, तर त्याला हे चटकन समजेल. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तिथं आपली शाळा एकदम देशपातळीवर जाते का? नाही. आधी जिल्हा जिंकायचा. मग विभाग, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम यांच्यातून वर यायचं. मग राज्य. तेव्हा कुठं देशातल्या इतर शाळांची गाठ पडते.

जगातही अशीच शिडी आहे. फिफा या जागतिक संघटनेनं जगाचे सहा विभाग केले आहेत. (आपल्या महाराष्ट्राचे महसुली विभागही सहाच. योगायोग!) २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघांना जागा आहे, त्याआधी १९९८ पासून २०२२ पर्यंत ३२ होत्या. त्या ४८ मध्ये युरोपच्या वाट्याला १६, आफ्रिकेच्या ९, आणि आपल्या आशियाच्या वाट्याला साडेआठ. आता अर्धा संघ कसा जाईल, सांगा पाहू? अर्ध्या जागेचा अर्थ असा, की नवव्या संघाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, दुसऱ्या विभागांतल्या अशाच रांगेत थांबलेल्या संघांबरोबर.

आशियातून ४६ देश या शर्यतीत उतरले. क्रमवारीत खालचे २० देश आधी आपसात भिडले, त्यातून दहा वर आले. दहा आणि वरचे २६ मिळून झाले ३६. चार-चार संघांचे नऊ गट पडले. प्रत्येक गटात प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. म्हणजे सहा सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर भोपळा. पूर्वी विजयाला दोनच गुण असत. मग पुष्कळ संघ बरोबरीवर समाधान मानून बचाव करत बसत. म्हणून विश्वचषकात १९९४ पासून विजयाला तीन गुण झाले. गटातले पहिले दोन पुढे, बाकीचे दोन घरी.

भारताच्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. कतार बलाढ्य. तेव्हा खरी झुंज दुसऱ्या जागेसाठी होती, आणि ती भारत आणि कुवेत यांच्यात होणार हे उघड होतं.

सुरुवात काय झकास झाली! १६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेतच्याच मैदानावर मनवीर सिंगनं गोल केला आणि भारत १-० असा जिंकला. ३ गुण. मग भुवनेश्वरला कतारनं ०-३ असं हरवलं, ते धरूनच चाललेलं होतं. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी लागोपाठ दोन सामने. पहिला सौदी अरेबियातल्या आभा शहरात (अफगाणिस्तानला आपल्या देशात सामने भरवता येत नव्हते), तो ०-० सुटला. ४ गुण.

आणि मग आली २६ मार्चची गुवाहाटी.

सुनील छेत्रीचा तो देशासाठीचा १५० वा सामना. ३८ व्या मिनिटाला पेनल्टीवर त्यानंच गोल केला. घरचं मैदान, क्रमवारीत आपल्यापेक्षा खालचा प्रतिस्पर्धी, हातात आघाडी. अजून काय पाहिजे? पण ७० व्या मिनिटाला अफगाणिस्ताननं बरोबरी केली आणि ८८ व्या मिनिटाला पेनल्टीवर दुसरा गोल करून सामनाच नेला. १-२. भारताचे गुण चारचे चारच राहिले.

६ जूनला कोलकात्यात कुवेत आलं. तो छेत्रीचा निरोपाचा सामना होता (२०२५ मध्ये तो पुन्हा परतला, ही पुढची गोष्ट). स्टेडियम खचाखच भरलेलं. पण गोल काही झाला नाही. ०-०. पाच गुण. आता शेवटचा सामना ११ जूनला, दोहाला, कतारशी.

कतार आधीच पुढच्या फेरीत पोचलं होतं, म्हणून त्यांनी नवखी पोरं उतरवली. ३७ व्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेनं गोल केला! त्या घडीला भारताचे आठ गुण होत होते आणि आपण पुढच्या फेरीत होतो. ७३ व्या मिनिटाला घोळ झाला. चेंडू गोलच्या शेजारून रेषेबाहेर गेला होता, टीव्हीवर साऱ्या जगाला दिसत होतं. आपले खेळाडू थांबले. कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, दुसऱ्यानं जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. या फेरीत टीव्हीवर पाहून निर्णय तपासायची सोय नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारचा दुसरा गोल. १-२. भारतानं तक्रार केली, निकाल काही बदलला नाही. तिकडे त्याच दिवशी कुवेतनं अफगाणिस्तानला १-० असं हरवलं.

शेवटचा गुणतक्ता वहीत लिहून घ्या: कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. भारत आणि अफगाणिस्तानचे गुण सारखे, मग तिसरं कोण? अशा वेळी गोलफरक बघतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. भारत: ३ वजा ७, उणे ४. अफगाणिस्तान: ३ वजा १४, उणे ११. उणे चार मोठे की उणे अकरा? सहावी-सातवीच्या मुलांनी इथं चुकायचं नाही! भारत तिसरा.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, पंचांनी घात केला. अन्याय झाला हे खरंच. पण पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. समजा तो गोल दिला नसता आणि बाकी सारं जसंच्या तसं घडलं असतं. म्हणजे सामना १-१. भारताला एक गुण वाढून सहा. कुवेत सात. तरी आपण बाहेरच! आता गुवाहाटीचा सामना आपण राखला असता असं धरा. पाच अधिक तीन, आठ. दोहाला हरूनसुद्धा कुवेतच्या पुढे. कोलकात्यात कुवेतला हरवलं असतं तर? आपले दोन वाढून सात, त्यांचा एक कमी होऊन सहा. तरीही पुढे! माझं मत विचाराल तर दोहाचा तो गोल टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला म्हणून लक्षात राहिला. गुवाहाटीची शेवटची वीस मिनिटं कुणी पुन्हा दाखवली नाहीत.

त्या तीन गुणांची किंमत केवढी पडली बघा. कुवेतला पुढच्या फेरीत दक्षिण कोरिया, जॉर्डन, इराक अशांशी दहा सामने खेळायला मिळाले. एकही जिंकता आला नाही त्यांना, पण खेळायला तर मिळाले! शिवाय गटातल्या पहिल्या दोघांना २०२७ च्या आशिया चषकाची जागाही थेट मिळाली. भारताला तीसाठी वेगळी पात्रता फेरी खेळावी लागली. तिथं गटातून फक्त एकच संघ पुढे जाणार होता, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या शेजारच्या गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरनं भारताला १-२ असं हरवलं. इथंही पहिला गोल छांगतेचा होता. विश्वचषक गेला होता, आशिया चषकही गेला.

"आपला देश एवढा मोठा, आणि अकरा जण मिळत नाहीत?" असं घरी कुणी म्हणालं, तर त्यांना क्युरासाओचं नाव सांगा. नेदरलँडच्या राज्यातलं हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास. आपल्या अकोला शहरातच २०११ च्या जनगणनेत सव्वाचार लाख माणसं होती! या बेटानं २०२६ च्या विश्वचषकाची जागा मिळवली. १८ नोव्हेंबर २०२५ ला शेवटचा सामना जमैकाच्या घरी होता. क्युरासाओ एका गुणानं पुढे होतं, म्हणजे बरोबरी पुरेशी. सामना ०-० सुटला. क्युरासाओ १२, जमैका ११. विश्वचषकाला पोचलेला हा लोकसंख्येनं सर्वांत लहान देश.

तसा आपल्यालाही एकदा न खेळताच प्रवेश मिळाला होता. १९५० मध्ये आपल्या गटातल्या ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स यांनी माघार घेतली आणि ब्राझीलच्या विश्वचषकाची जागा भारताकडे चालत आली. आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही, अशी गोष्ट तुमच्या आजोबांनी सांगितली असेल. पण तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं, की विश्वचषकाचं मोल तेव्हा आपल्याला ठाऊकच नव्हतं. ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व.

आता ती मागं उभी राहून फाडकन उत्तर देणारी मुलगी, आणि तिच्यासारख्या साऱ्या जणींसाठी. २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक आपल्या मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारत यजमान म्हणून आत होता. इराणशी ०-० झाली, मग संघात करोना शिरला आणि पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. भारत स्पर्धेतून बाद.

तीन वर्षांनी थायलंडमध्ये चियांग माईला याच स्पर्धेची पात्रता फेरी होती. भारतीय मुलींनी मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-० असं धुतलं. यजमान थायलंडनंही तिघांना हरवलं. दोघांचे गुण ९, दोघांचे गोल २२, खाल्लेले शून्य! गणितानं हात टेकले. ५ जुलै २०२५ ला दोघे समोरासमोर आले, आणि पुढे एकच जाणार होता. संगीता बासफोरनं २८ व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी साधली. गुवाहाटी आठवली ना? पण ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच! २-१. पात्रता फेरी खेळून, जिंकून, आशिया चषकाला जाण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ.

आता तुमच्यासाठी गणित. भारतानं आभाचा सामना ०-० ऐवजी १-० असा जिंकला असता, आणि बाकी सारे निकाल तेच राहिले असते, तर दुसऱ्या जागेवर कोण आलं असतं? कुवेतनं सहा सामन्यांत ६ गोल केले आणि ६ खाल्ले, एवढी माहिती देते. भारताचे आकडे वर आहेतच. उत्तर पुढच्या अंकात.