संयुक्त निवेदनांची स्वस्ताई

सरकारी नस्तीवर ‘समन्वयाने कार्यवाही करावी’ असा शेरा दिसला, की ती कार्यवाही कोणाचीच जबाबदारी नाही असे खुशाल समजावे, असा माझा दीर्घ नोकरीतला अनुभव आहे. आखाती देशांच्या बाबतीत व्यापार आणि मानवी हक्क यांची सांगड घालण्याचा पाश्चात्त्य राजनयिकांचा उद्योग पाहिला, की मला हाच शेरा आठवतो.

युरोपीय समुदायाने आखाती सहकार्य परिषदेशी १९८८ साली सहकार्य करार केला. १९९० मध्ये मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि २००८ च्या अखेरीस परिषदेने त्या स्थगित केल्या. निर्यात शुल्काइतकाच मानवी हक्कांच्या कलमाचाही वाद होता. १९९५ पासून युरोप आपल्या करारांत हे कलम ‘आवश्यक घटक’ मानतो. कागदावरची भूमिका भक्कम आहे. पण तिची किंमत कोणी मोजायची?

मार्च २०१५ मध्ये स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री मार्गोट वॉलस्ट्रोम यांचे अरब लीगपुढील भाषण सौदी अरेबियाने रोखले. स्वीडनने संरक्षण सहकार्य करार पुढे चालवण्यास नकार दिला, तेव्हा सौदीने राजदूत परत बोलावला आणि स्वीडिश व्यापाऱ्यांचे व्हिसा थांबवले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनडाने अटकेतील महिला कार्यकर्त्यांविषयी चिंता व्यक्त करताच त्याच्या राजदूताची हकालपट्टी झाली, नवा व्यापार गोठला. संबंध पूर्ववत व्हायला मे २०२३ उजाडले. त्या वेळी अमेरिकेने काय केले? हा प्रश्न उभयतांनी आपापसांत सोडवावा, असा सल्ला दिला!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जमाल खशोगी यांची हत्या झाली. जर्मनीने सौदीची शस्त्रनिर्यात थांबवली. फ्रान्सने थांबवली नाही. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तर विमानांचे सुटे भाग अडतात म्हणून जर्मनीलाच पत्र लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीनेही युरोफायटर विमानांवरील हरकत सोडली.

यात कोणाच्या दुष्टपणाचा शोध घेण्याची गरज नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी इतकेच म्हणेल, की जो संयम पाळतो त्याचे कंत्राट शेजाऱ्याला मिळते, आणि हे सर्वांना ठाऊक असते. मग प्रत्येक जण संयुक्त निवेदनावर सही करतो, कारण तेवढेच फुकट असते. रियाध आणि अबुधाबी येथील मुत्सद्दी हे गणित केव्हाच शिकले आहेत.

आपल्याकडील वाचकांना पाश्चात्त्यांच्या दांभिकतेची अशी कथा फार आवडते. पण दांभिकता सिद्ध झाली म्हणून हक्कांचा प्रश्न खोटा ठरत नाही. कफाला पद्धतीत ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, तो मजूर बहुधा आपलाच असतो. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने आखातातील मजुरांसाठीचे किमान संदर्भ वेतन घटवले आणि पुढच्या वर्षी ते पूर्ववत करावे लागले. आपला माणूस स्वस्तात देण्याची घाई आपल्यालाही झाली होती, हे विसरू नये.

उपाय नाही असे नाही. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार दाखल झाली. २०१८ मध्ये संघटनेचे कार्यालय दोहा येथे उघडले. पुढे बहुतांश मजुरांची देश सोडण्याच्या परवान्यातून सुटका झाली, नोकरी बदलण्यासाठी मालकाची संमती घेण्याची अट गेली आणि मार्च २०२१ पासून सर्व राष्ट्रीयत्वांच्या कामगारांना १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. अंमलबजावणी अपुरी आहे, हे मान्य. तरीही ठराविक मागणी, ठराविक मुदत आणि जागेवर बसलेला माणूस यांनी जे साधले, ते भारदस्त कलमांनी साधले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. युरोपने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी स्वतंत्र व्यापार वाटाघाटी सुरू केल्या आहेत. त्यात मूल्यांची प्रस्तावना लिहिण्यापेक्षा पासपोर्ट, वेतन आणि नोकरी बदलण्याचा हक्क यांच्या तपासणीचे वेळापत्रक लिहावे. आणि बोलल्याबद्दल एखाद्या देशाला शिक्षा झाली तर त्याची कंत्राटे इतर मित्रदेश उचलणार नाहीत, हे आधीच लेखी ठरवावे. तेवढी तयारी नसेल तर निवेदने काढणे थांबवावे. भारतानेही २०२२ मध्ये अमिरातीशी व्यापक आर्थिक करार केला आहे. ज्यांचे लक्षावधी नागरिक तेथे घाम गाळतात, त्यांनी हा विषय ब्रसेल्सवर सोपवून स्वस्थ बसणे मला शोभादायक वाटत नाही.