हलक्या पुस्तकाचा हक्क

वर्तमानपत्र उघडावे आणि मन खचावे, असे दिवस सध्या आहेत. युद्धे थांबत नाहीत, धर्माच्या नावाने शेजाऱ्याशेजाऱ्यांत भिंती उभ्या केल्या जातात, आणि ज्या कायद्यांसाठी कामगारांच्या तीन-चार पिढ्या झिजल्या ते एकेका दुरुस्तीने सैल केले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. तीत कामगाराच्या संमतीची अट आहे. परंतु दाराशी बेकारांची रांग उभी असताना ‘संमती’ या शब्दाला कितपत अर्थ उरतो, हे एकामागून एक गिरण्या गमावलेल्या सोलापूरला समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा बातम्या वाचून झाल्यावर चळवळीतला एखादा कार्यकर्ता रात्री द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीच्या गोष्टी काढतो. मिरासदार याच जिल्ह्यातले, अकलूजचे. नाना चेंगट आणि बाबू पैलवान यांच्या संगतीत तो तासभर हसतो, आणि पुस्तक मिटताना मात्र त्याला अपराधी वाटू लागते. आजूबाजूला एवढे अनर्थ चालू असताना आपण हसत बसलो, हा पळपुटेपणा तर नव्हे?

या अपराधीपणामागे एक जुनी समजूत आहे. गंभीर वाचन म्हणजे कर्तव्य आणि हलकेफुलके वाचन म्हणजे पलायन, अशी ही वाटणी पुरोगामी वर्तुळांत विशेष रुजलेली दिसते. ती चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचा उत्तम पुरावा विद्वानांनी नव्हे, तर तंबाखू कामगारांनी दिलेला आहे. विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या या शहरात तो सांगणे उचितच होईल.

१८६५ साली क्युबातील हवाना येथे सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक प्रथा सुरू केली. या कामात हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. तेव्हा कामगारांनी आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमला. तो सर्वांना ऐकू जाईल अशा उंच आसनावर बसून वाचीत असे. सर्वसाधारण रिवाज असा पडला की दिवसाच्या एका भागात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या भागात कादंबरी. कोणती कादंबरी घ्यावयाची, हे कामगार मते घेऊन ठरवीत. अलेक्झांडर ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही साहसकथा त्यांना इतकी प्रिय झाली की पुढे एका सिगारला तिचेच नाव मिळाले. त्या कामगारांनी बातमी आणि गोष्ट यांत निवड केली नाही; दोन्ही मागितल्या आणि दोन्हींचे पैसे मोजले. सत्ताधाऱ्यांनीही भेद केला नाही. १८६६ मध्ये स्पॅनिश वसाहतीच्या गव्हर्नराने हे वाचन बंद पाडले. प्रथा पुन्हा रुजली व स्थलांतरित कामगारांबरोबर अमेरिकेत गेली, तेव्हा टॅम्पा येथील कारखानदारांनी १९३१ मध्ये तेथील वाचकांचे आसन काढून टाकले. बातमी बंद झाली तशी कादंबरीही बंद झाली.

आपल्याकडचा अनुभवही याहून वेगळा नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यंगचित्रांना वाहिलेले ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, अशा आशयाचा निरोप घेऊन ते थांबले. ज्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले ते पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या व्यासपीठावरून लोकशाहीच्या बाजूने बोलले. विनोद माणसाला निष्क्रिय करतो हे खरे असते, तर निदान विनोदकाराने तरी घरी बसायला हवे होते.

तथापि या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दुबळ्याच्या जातीवर, भाषेवर, व्यंगावर पोसलेला विनोद विसावा देत नाही. तो अन्यायाला सवयीचे रूप देतो. शिवाय आज माणसाच्या हातातील मोबाइलवर करमणुकीचा जो अखंड प्रवाह वाहत असतो, त्याला शेवटच नाही. चांगल्या विनोदी पुस्तकाला शेवटचे पान असते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा साधा कारकून. तो फजित होतो तो स्वतःच्या भाबडेपणामुळे, आणि त्याला हसताना वाचक स्वतःलाच हसतो. पुस्तक मिटते, वाचक हलका होतो आणि पुन्हा आपल्या जगात येतो. तेव्हा कसोटी अशी लावावी की हसून झाल्यावर माणूस दुसऱ्या दिवशीच्या सभेला जातो की नाही. जात असेल तर ते पलायन नव्हते, विश्रांती होती.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे, आणि तो अर्थशास्त्राचा आहे. हा विसावा कोणाला मिळतो? विडी कामगार स्त्रीला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिने तासभर पुस्तक वाचले, तर त्या तासाची किंमत तिच्या मजुरीतून सरळ वजा होते. उरलेला वेळ चूल, पाणी आणि मुले यांत जातो. पगारी नोकरदाराला संध्याकाळी फुकट मिळणारे हसू तिला विकत घ्यावे लागते. म्हणून कामाच्या तासांचा इतिहास हा वाचनाचाही इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे कायद्याने आठवड्याचे तास १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४ आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात ४८ असे ठरले. कमी झालेल्या या प्रत्येक तासात कोणी झोपले असेल, कोणी भजनाला गेले असेल, कोणी पुस्तक उघडले असेल. आठवड्याची मर्यादा कागदावर तशीच ठेवून दिवसाचे तास बारा केले, तर त्या दिवसाची संध्याकाळ संपली. मग पुस्तक हलके की जड, हा वादच उरत नाही.

वेळेनंतर प्रश्न येतो पुस्तकाचा. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, ही अभिमानाची गोष्ट. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी परंपराही आहे. परंतु गावोगावच्या छोट्या वाचनालयांतील सेवक तुटपुंज्या मानधनावर राबतात, आणि सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांत तेलुगू बोलली जाते तेथील स्त्रीला तिच्या भाषेतील हसरे पुस्तक कोण पोहोचवतो? कामगार संघटनांनी आपल्या कार्यालयात कायद्याच्या पुस्तकांशेजारी गोष्टींचा एक फळा ठेवावा. विड्या वळल्या जातात त्या वस्त्यांत, ऐकणाऱ्यांच्या भाषेत, आठवड्यातून एकदा तरी कोणी मोठ्याने वाचावे: आधी बातमी, मग गोष्ट. याला मोठा निधी लागत नाही.

चार हुतात्म्यांच्या शहरात हसण्याचा आग्रह धरावा काय, असे कोणी विचारील. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. सामान्य माणसाला निर्भयपणे आणि माणसासारखे जगता यावे, याच आशेवर स्वातंत्र्याची ती लढाई चालली होती. आणि दिवसाचे काम संपवून निर्धास्तपणे हसत बसणे हा अशा जगण्याचाच भाग आहे. म्हणून रात्री भोकरवाडीत रमणाऱ्या कार्यकर्त्याने खुशाल रमावे, आणि सकाळी उठून बारा तासांच्या दिवसाविरुद्धच्या निवेदनावर सह्या गोळा करायला निघावे. त्या सह्यांत विडी वळणाऱ्या स्त्रीच्याही एका मोकळ्या तासाची मागणी असली पाहिजे.